सोनखांबची शिट्टी

चुडाव्यावरून तुम्ही कधी मेलनं गेला असाल, तर सोनखांब तुमच्या खिडकीसमोरून गेलेलं आहे. तुम्ही त्या वेळी शेंगा सोलत असाल किंवा शेजारच्याशी जागेवरून भांडत असाल, म्हणून दिसलं नाही. एक बसकी इमारत, एक कडुनिंब, रेल्वेच्या तीन खोल्या आणि फलाटाच्या टोकाला हात वर करून उभा असलेला एक माणूस. तो माणूस म्हणजे रंगनाथ पाइंटमन. एकोणीसशे सत्तर सालापासून तो तिथं तसा उभा होता, आणि ही गोष्ट घडली तेव्हा सत्याऐंशी साल लागलेलं होतं.

तो हात कशाला वर करायचा, हे सांगायला हवं. ही लाईन एकेरी. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पुढच्या ठेसनापर्यंत रस्ता मोकळा असल्याची खूण डायवरला द्यावी लागते. ती खूण म्हणजे लोखंडाचा एक गोळा. गोळा हातात पडल्याशिवाय डायवरनं पुढं जायचं नाही. मास्तरनं मशीनमधून गोळा काढायचा, रंगनाथनं तो चामड्याच्या पिशवीत घालून पट्टा आवळायचा आणि पिशवी बांधलेलं वेताचं मोठं कडं धरून फलाटाच्या कडेला उभं राहायचं. धावत्या इंजिनातून फायरमन हात बाहेर काढायचा, कड्यात कोपरापर्यंत घालून ते ओढून न्यायचा आणि त्याच दमात मागच्या ठेसनाचं कडं खाली फेकायचा. सगळा व्यवहार चार सेकंदांचा. इंजिनातून कोळशाची कणी उडते म्हणून त्या चार सेकंदांत रंगनाथ डोळे मिटून घ्यायचा. म्हणजे सतरा वर्षं रोज ज्यांच्या हातात कडं दिलं, त्यांच्यातल्या एकाचंही तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं.

गावाकडं त्याचा रुबाब भारी. सरकारी नोकरी, रेल्वेची खोली, वर्षाला पास. भाऊबंद त्याला साहेब म्हणायचे आणि तो ते म्हणू द्यायचा. पण सोनखांबला आला की साहेबाचा पुन्हा खांब व्हायचा. दिवसाकाठी दोन पॅसेंजर मिनिटभर टेकायच्या, त्यातून दोन म्हाताऱ्या आणि एखादी शेळी उतरायची. मेल मात्र थांबणं सोडा, हळू सुद्धा व्हायची नाही. आपण रस्ता मोकळा करून देतो, लोक पुढं जातात, आणि आपण संध्याकाळी तेच कडं त्याच खुंटीला अडकवतो, असं त्याचं गणित होतं. ते गणित त्यानं इतक्या वेळा मांडलं होतं की त्याला सकाळी अंथरुणातून उठायलाच नको व्हायचं. अंग दुखत नव्हतं, ताप नव्हता. नुसतं उठायला नको.

त्यातही एक गोष्ट त्याच्या फार जिव्हारी लागली होती. पूर्वी मेल सोनखांबला आली की लांब शिट्टी मारायची, पार माळापर्यंत ऐकू जाणारी. ऐंशी सालापासून ती बंद झाली. आता नुसता एक तोकडा आवाज यायचा, कुणी नाक शिंकरावं तसा. चुडाव्याला लांब शिट्टी, पलीकडच्या ठेसनाला लांब शिट्टी, मधे सोनखांबला तेवढं शिंकरणं. रंगनाथनं त्याचा अर्थ लावला होता: आपल्याला शिट्टी मारण्याइतकीही किंमत उरलेली नाही. तो हे कुणाला बोलला नाही. पण मेल गेली की त्याचं तोंड असं व्हायचं की ठेसनावरचं कुत्रंही लांबून जायचं.

घरात बायको सरजाबाई. थोरली लेक चतुरा जिंतूरकडं दिलेली. मधे एक धाकटी झाली होती, बायना. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, गाड्यांचा काही नेम राहिला नव्हता, सुईण येऊ शकली नाही, आणि ही पोर आपली आपणच आली. ऐंशीच्या दसऱ्यानंतर तापानं गेली. त्यानंतर त्या विषयावर त्या घरात एक शब्द झालेला नव्हता. दोघांनी मिळून तसं ठरवलं होतं असं नाही. दोघांनी वेगवेगळं ठरवलं होतं.

अशात फेब्रुवारीत सरजाबाईचा भाऊ लिंबाजी गंगाखेडहून आला. लिंबाजी कारखान्यात चांगला मुरलेला माणूस, कुणाच्या खुर्चीचा कोणता पाय डुगडुगतो हे सगळं त्याला ठाऊक. त्यानं बातमी आणली की कारखान्याच्या फाटकावर माणूस घ्यायचाय. काम एवढंच, उसाच्या बैलगाड्या ओळीनं आत सोडायच्या.

"दाजी, तुमी हात वर केला की गाडी उभी," लिंबाजी म्हणाला. "गाडीवान उतरून तुमाला तंबाखू देणार, वरून रामराम घालणार. हितं हात वर करून काय भेटलं तुमाला? खांदा तेवढा उखळला."

हे रंगनाथच्या काळजात बसलं. हात वर केला की गाडी उभी. त्यानं त्या रात्री झोपेत दोनदा हात वर केला म्हणे. पण सरकारी भाकर सोडायची म्हणजे चेष्टा नव्हे. लिंबाजीनं मुदत घातली, सोमवारच्या पॅसेंजरनं मी येतो, तोवर राजीनामा लिहून ठेवा, मी मॅनेजरला शब्द दिलाय. रंगनाथ हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. सरजाबाईला विचारावं असं त्याच्या मनात आलं, पण बाई हे घर सोडून हलायची नाही अशी त्याची खात्री होती. पूर्णा जंक्शनला बदलीची संधी तीनदा आली होती, तिन्ही वेळा त्यानं तिच्यापायी परस्पर नको म्हणून कळवलं होतं. आता चौथ्यांदा कोण विचारतंय.

राजीनामा मात्र त्यानं लिहिला. सातवी पास माणूस, अक्षर वळणदार, आणि सतरा वर्षांचं साठलेलं. शेवटचा भाग असा होता: 'अगोदर मेलगाडी या ठिकाणी लांब शिट्टी तरी वाजवीत असे. सन १९८० पासून तीही बंद आहे. यावरून या ठिकाणी एक मनुष्य उभा आहे याची कोणास जाणीव नाही असे दिसून येते. तरी सदर मनुष्यास मोकळे करावे ही विनंती.'

आता हा कागद ठेवायचा कुठं? पेटीची किल्ली सरजाबाईच्या कमरेला. सदरा ती रोज धुवायची, खिसे उलटे करून. मास्तर दिनकररावांच्या टेबलात ठेवावा तर मास्तर सुपारीसाठी दिवसातून वीस वेळा खण उघडणार. रंगनाथनं खूप डोकं चालवलं आणि अख्ख्या ठेसनात त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही अशी एकच जागा शोधून काढली. मागच्या खुंटीला एक जादा कडं टांगलेलं असायचं, धूळ खात. त्याच्या चामडी पिशवीत त्यानं राजीनामा घडी करून सारला आणि निश्चिंत झाला. सोमवारपर्यंत विचार करू. द्यायचा वाटला तर काढू, नाही वाटला तर फाडू.

शनिवारी सकाळी रोजच्या कड्याचा पट्टा तुटला. मेल चुडाव्याकडं जायला आलेली, मास्तरनं गोळा हातात दिलेला, आणि रंगनाथचं डोकं गंगाखेडच्या फाटकावर बैलगाड्या सोडायला गेलेलं. हातानं आपोआप मागच्या खुंटीवरचं कडं काढलं, पिशवीत गोळा घातला, पट्टा आवळला. तो फलाटाच्या टोकाला गेला, डोळे मिटले, कडं हातातून सुटलं, दुसरं कडं फलाटावर खळकन् पडलं. रोजच्यासारखं. शेवटचा डबा पुढं गेला, धूर विरला, आणि मग रंगनाथला आपण काय केलं ते कळलं.

तो तिथंच उभा राहिला. हात अजून वरच होता. दिनकरराव खोलीतून ओरडले की झेंडा घेऊन आत ये, तर त्याला ऐकूच आलं नाही. सतरा वर्षांत त्या फलाटावरून रंगनाथची एकही गोष्ट कुठं गेली नव्हती, आणि जी पहिली गेली ती त्याची नोकरी.

मास्तरांनी जवळ येऊन विचारलं, "रंगनाथा, काही हरवलं का रे?"

"न्हाई," रंगनाथ म्हणाला. "गेलं."

मास्तरांना वाटलं, दात बित गेला असेल. त्यांनी सुपारी पुढं केली.

पुढचे दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही. ठेसनातला फोन वाजला की तो उठून उभा राहायचा. आता चुडाव्याचा मास्तर पिशवी उघडून कागद वाचत असेल. आता तो पूर्णेला गेला असेल. आता साहेबानं सही केली असेल. आणि या सगळ्या धास्तीत त्याला एक वेगळाच धक्का बसला. सात वर्षं तो मनाशी नोकरी सोडायचं म्हणत होता, आणि आज सुटली असं वाटताच त्याला फलाटाचा एकेक दगड ओळखीचा दिसायला लागला. कडुनिंबाखालचा माठ सुद्धा. आपल्याला जायचंय की नाही हे आपल्यालाच ठाऊक नाही, असं त्याला त्या माठापाशी उभं राहून कळलं, आणि तो पाणी न पिताच परत आला.

सोमवारी सकाळी मेल परतीला आली. तोकडी शिट्टी झाली. रंगनाथनं कडं दिलं. वरून पडलेलं कडं उचललं तर पिशवी जरा फुगलेली. पट्टा काढला. गोळा होता, आणि गोळ्याभोवती त्याचाच कागद गुंडाळलेला होता. वर काळं बोट उठलेलं. त्यानं गोळा मास्तरकडं दिला आणि कागद घेऊन कडुनिंबामागं गेला. पाठकोऱ्या बाजूवर निळ्या पेन्सिलीनं गच्च लिहिलेलं होतं.

'रंगनाथभाऊ यांस वैजीनाथ फायरमनचा रामराम. तुमचं नाव या कागदावरून कळलं. गोळा बघाया पिशवी उघडली तवा कागद घावला. डायवरनं वाचला, मी वाचला, तिसऱ्याला दावला न्हाई. दोन सालापासून तुमी कडं डाव्या हातानं धरायलात, उजवा खांदा दुखतो का? शेक देत जा.

शिट्टीचं वाचून डायवरनं माझ्याकडं बघितलं, म्हनून लिहिणं भाग हाय. तुमच्या खोलीम्होरं कपड्याची दोरी हाय. अकरा साल झाले मी ती दोरी बघतो. चार सेकंदांत दुसरं काय बघनार. आधी फ्रॉक असायचे, मग परकर आले, मग साड्या. मग एका उन्हाळ्यात त्या साड्या गेल्या. म्हनलं, पोरीचं लग्न झालं, बरं झालं. तसंच एक लाल झबलं होतं, लय बारीक. दोन पावसाळे होतं. तुमच्या बाईच्या कडेवर लेकरू असायचं, लांब शिट्टी झाली की दोनी हात वर करायचं. तुमच्यावानीच.

मग ऐंशीच्या दसऱ्यानंतर झबलं दिसंना. आठ दिवसांनी शिट्टी मारली तवा बाई सवयीनं दारातून पळत बाहेर आली आन् रिकाम्या कडेवर हात धरून उभी राहिली. मी डायवरला म्हनलं, हितं लांब नको मारू. तवापासून कायद्याला लागते तेवढीच मारतो. डायवर बदलले, नव्या आलेल्या परतेकाला मी सांगतो. तुमाला त्याचं वाईट वाटायलं हे म्हाईत नव्हतं. नवकरी सोडायची तर सोडा, तुमची मर्जी. पन शिट्टीपायी सोडू नका. पूर्णेच्या यार्डात गाड्या उभ्या राहत्यात, मानसं बोलत्यात, आन् पाइंटमन कमी पडायलेत. वैजीनाथ.'

रंगनाथनं तो कागद एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायला गेला तर अक्षरं दिसेनात. त्याला कुणी गालफडात मारली असती तर बरं वाटलं असतं. सात वर्षं रोज सकाळी त्यानं त्या तोकड्या शिट्टीला मनातल्या मनात आईबहिणीवरून ऐकवलं होतं. त्याची त्यानं बेरीज केली. तो कडुनिंबाच्या पारावर बसला. गुन्हा करून पकडलेला माणूस बसतो तसा.

मग तो उठून घरी गेला. सरजाबाई दोरीवर लुगडं पिळून टाकत होती. ही दोरी सतरा वर्षांत त्यानं कधी नीट बघितली नव्हती, ती लांबच्या इंजिनातून दुसऱ्यानं बघितली होती. भर दिवसा नवरा घरी आलेला बघून तिनं पदर सावरला आणि लिंबाजी आला का म्हणून विचारलं. रंगनाथनं नाही म्हणून मान हलवली आणि कागदाची पाठकोरी बाजू वाचून दाखवली. 

सरजाबाईनं लुगड्याचं टोक हातात तसंच धरलं होतं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"म्हंजे," ती म्हणाली, "तुमी न्हाई सांगितलं शिट्टी बंद करायला?"

रंगनाथला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर खोटं बोललो असतो. चार शब्दांचं खोटं, आणि फायरमन काही इंजिनातून उतरून साक्ष द्यायला येत नव्हता. पण कागद नुकताच त्याच्याच तोंडून वाचून झाला होता.

"न्हाई," तो म्हणाला. "मला म्हाईतच नव्हतं."

"सात साल मी समजले, तुमी सांगितलं," सरजाबाई म्हणाली. "म्हनलं, मानूस तोंडानं बोलत न्हाई, पन शिट्टी तेवढी बंद केली. तेवढ्या एका गोष्टीपायी तुमचं सगळं वाकडं तोंड सोसलं मी."

 रंगनाथ दोरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. मग तो म्हणाला की पूर्णेची बदली तीनदा आली होती, मी तुझ्यामुळं नको म्हटलं, तुला ही जागा सोडवणार नाही म्हणून.

सरजाबाईनं लुगडं सोडून दिलं. "मला कोनी इचारलं? मला वाटायचं, तुमालाच हितनं पाय निघंना. तुमी थांबलात म्हनून मी थांबले. मला तर हे अंगन पोर गेल्यापासून खायला उठतंय."

एवढं सात वर्षांतलं पहिलं बोलणं. पोर हा शब्द घरात फुटला आणि दोघंही त्या शब्दाकडं बघत राहिले. मग सरजाबाई हसली की रडली ते रंगनाथला नीट सांगता आलं नाही. त्यानं मला दोन वेळा दोन प्रकारे सांगितलं.

लिंबाजी पॅसेंजरनं उतरला तो कडक इस्त्रीत. राजीनामा कुठं आहे म्हणाला. सरजाबाईनं त्याला आधी चहा दिला आणि मग सांगितलं की तुझे दाजी काही फाटकावर येत नाहीत, आम्ही पूर्णेला जायचं ठरवलंय. लिंबाजीचा कप ओठापाशीच राहिला. त्यानं मॅनेजरला शब्द दिला होता. तो म्हणाला की अख्ख्या परभणी जिल्ह्यात असा माणूस बघितला नाही, हात वर करून गाडी थांबवायचं सोडून पुन्हा रेल्वेच्याच दारात चाललाय. शेवटी तो बहिणीकडं वळला.

"अक्का, तू तरी सांग. तिथं जाऊन वेगळं काय करनार हाय ह्यो मानूस? तेच कडं, तोच गोळा."

"डोळे उघडे ठेवतील," सरजाबाई म्हणाली.

लिंबाजीला काही कळलं नाही. रंगनाथला कळलं, आणि तो मान खाली घालून चहा प्यायला.

बदलीचा अर्ज दिनकररावांनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहून दिला. तीनदा नको म्हटलेला माणूस चौथ्यांदा मागतो म्हटल्यावर वरच्या साहेबालाही नवल वाटलं असावं. मे महिन्यात हुकूम आला. तोवर मेल एक दिवसाआड वैजीनाथला घेऊन जात होती, पण दोघांत पुन्हा कागद झाला नाही. एकदाच झाला, निघायच्या दोन दिवस आधी. सरजाबाईनं रंगनाथला सांगितलं, "त्याला लिवा, जाताना एकदा लांब मारा म्हनावं. माझं आता झालं." रंगनाथनं तेवढंच लिहिलं आणि गोळ्याबरोबर पिशवीत घातलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि सुपारी कातरत राहिले.

शेवटच्या सकाळी सामान बैलगाडीत भरलेलं होतं. दोरी तेवढी बांधलेली होती, रिकामी. सरजाबाई तिच्याखाली उभी होती. रंगनाथ कडं घेऊन फलाटाच्या टोकाला गेला, उजव्या हातानं धरलं, खांदा दुखला तरी. मेल माळावर दिसली आणि शिट्टी सुरू झाली. ती सुरूच राहिली. दिनकरराव कशाला तरी टेकून नुकते पेंगले होते, ते दचकून फलाटावर आले आणि झेंडा उलटा धरून उभे राहिले. कडुनिंबावरचे सगळे पक्षी उठले. कुत्रं रूळ ओलांडून माळाकडं पळालं.

रंगनाथनं डोळे उघडे ठेवले. कोळशाची कणी आली तरी ठेवले. अकरा वर्षं कडं ओढून नेणारा हात कुण्या पैलवानाचा असेल अशी त्याची समजूत होती. इंजिनाच्या दारात एक वाळका, पिकल्या मिशांचा माणूस होता, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. त्यानं कडं कोपरात घेतलं, पण त्याचं ध्यान रंगनाथकडं नव्हतंच. तो दोरीकडं बघत होता.

रंगनाथ मागं वळला. अंगणात सरजाबाईनं दोन्ही हात वर केले होते.

शिट्टी पूल ओलांडून चुडाव्याच्या अंगाला गेली आणि थांबली. सरजाबाईनं हात खाली घेतले, दोरीची गाठ सोडली आणि ती कोपराभोवती गुंडाळत बैलगाडीकडं निघाली.